डाव्या गालाविषयी गैरसमज नसावा

सोलापूर,
१ सप्टेंबर १९७५

तीर्थस्वरूप महिपतीदादांच्या चरणी त्रिंबकचा साष्टांग नमस्कार (वाकलं की डोक्यात कळ जाते, तेव्हा भेटीत अर्धाच घालीन, राग नसावा).

बार्शीकडे पाऊस कसा आहे, वहिनींचे गुडघे काय म्हणतात, गाय व्याली का, हे सविस्तर कळवावे. इकडे सर्व खुशाल. तुमची बहीण शालन ठणठणीत आहे, आणि आमच्या आईचा आवाज तर शेजारच्या गल्लीतही ठणठणीत आहे. माझा डावा गाल तेवढा जरा भरलाय. इकडून कोणी आले आणि सुजलाय म्हणून सांगू लागले तर विश्वास ठेवू नये. खाल्लेले अन्न अंगी लागले की कुठून तरी दिसणारच.

पत्रास कारण असे की, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या मंडळाने माझे व्याख्यान ठेवले आहे. विषय, 'आपले दात, आपली जबाबदारी'. फळ्यावर माझे नाव रंगीत खडूने लिहिले आहे. हा मान फुकट मिळालेला नाही. गेल्या महिन्यात आमच्या गिरणीत एक दातांचे डॉक्टर आले होते. त्यांनी टेबलावर प्लास्टरचा भला थोरला जबडा ठेवला आणि सकाळी-रात्री दात घासा, गोड खाल्ले की चूळ भरा, मिश्री सोडा, दुखायची वाट न बघता दात दाखवून घ्या, असे सांगितले. बाकीचे कारकून चहा कधी येतो ते बघत होते. मी एकटा लक्ष देऊन ऐकत होतो (पहिल्याच खुर्चीवर बसलो होतो, उठणार कसा?). सध्या देशभर शिस्तीचे फलक लागले आहेत, मग आमच्याच घरच्या तोंडांनी काय घोडं मारलंय, असा विचार करून मी त्याच संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा ब्रश आणला.

आता घरातली अवस्था ऐका. आईची मिश्रीची डबी मी जप्त केली आणि तिच्या हातात हिरवा ब्रश दिला. तिने त्या ब्रशने देवघरातले टाक घासले. देव असे लखलखीत कधी दिसले नव्हते, हे कबूल. पण दातांचे काय, असे विचारले तर म्हणते, "आरं, माज्या तोंडात दात हायत किती, आन् तू पहारा देतोस किती!" मुलांनी पेस्ट गोड लागते म्हणून भाकरीला लावून खाल्ली. मग मी रोज सकाळी बॅटरी घेऊन सगळ्यांना अंगणात उभे करू लागलो. आ करा म्हटले की शेजारपाजारचेही बघायला यायचे. शालनचे म्हणाल तर तिने पहिल्या दिवसापासून ब्रश धरला, मुलांनाही जवळ बसवून शिकवले, जेवण झाले की चूळ भरायला लावते. तोंडाने काही बोलत नाही, नुसते करून घेते. त्यामुळे तिला माझ्याइतके श्रम पडत नाहीत.

माझी कीर्ती पसरली आणि शेजारचे तिप्पण्णा (यांचे दोन माग आहेत, आणि दात पांढरेशुभ्र) यांनी मला मुद्दाम घरी बोलावले. त्यांच्या बसव्वांनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पुढे ठेवली. तिप्पण्णा म्हणाले, "साहेब, दात कसं वापरायचं ते तुमीच दाखवा की." आता इतक्या प्रेमाने म्हटल्यावर मागे कसे सरायचे? मी एक मोठा तुकडा डाव्या बाजूला घेतला, सर्वांना नीट दिसावे म्हणून तोंड थोडे वर केले आणि चावलो. कट्ट असा आवाज झाला. तो भाकरीचा होता. मी तिथे तसेच सांगितले आणि घरीही तसेच सांगितले आहे. आईचा विश्वास बसलेला दिसत नाही, कारण ती तेव्हापासून माझ्याकडे बघून हसते आणि डबी मागते. आता माझ्याच तोंडात काही निघाले, तर डबी गेली, बॅटरी गेली, आणि फळ्यावरचे नावही गेले!

डॉक्टरांकडे मी जाऊन आलो, म्हणजे जिन्यापर्यंत. वरून पायाने फिरवायच्या यंत्राचा घर्रर्र आवाज येत होता. खूप गर्दी होती (एक म्हातारी होती), म्हणून परत आलो. दुसऱ्या दिवशी जिना नुकताच धुतलेला होता. ओल्या जिन्यावरून माणूस घसरतो.

ते असो. व्याख्यानात मी अडाणी लोकांची सालटीच काढणार आहे. अजून खेड्यापाड्यांत दाढ दुखली की निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकतात, नळीने त्याचा धूर दाढेला देतात, आणि पाण्याच्या ताटलीत पांढरे किडे पडले म्हणून टाळ्या पिटतात. विज्ञानाच्या युगात हा काय खुळेपणा! ऐकून माझे तर डोके उठते, विशेषतः डाव्या बाजूने.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
त्रिंबक

ता. क. तुमच्या गावच्या दगडाबाई धुरी द्यायच्या, त्या हल्ली देतात का? माझा एक मित्र आहे, गिरणीतलाच. खालची डावी दाढ. बिचारा सुशिक्षित आहे, म्हणून कुठे बोलता येत नाही. त्याला शनिवारी संध्याकाळच्या गाडीने पाठवीन म्हणतो. सोबतीला मीही येईन.

ता. क. जेवायला फक्त आंबील ठेवावी. दोघांनाही.

ता. क. पत्र शालनकडे पेटीत टाकायला देतो आहे. ती दुसऱ्याची पत्रे वाचणाऱ्यांतली नाही.

दादा, मी शालन. डिंक लावाय दिलं तवा वाचलं, उगडंच होतं की. ह्यांचा मित्र चार दिस झालं आमच्याच घरात उशीत तोंड खुपसून कण्हतोय. मागल्या पत्रात लिवल्यापरमानं तू धाडलेल्या दगडाबाई दुपारच्या यष्टीनं सुखरूप पोचल्या. त्यांचा बी डावाच गाल सुजलाय बग. मी म्हनलं, मावशी, दाढ दुखती तर घरच्या घरी धुरी का न्हाय घेतली? तर म्हनल्या, "खुळी का काय पोरी! त्ये किडं न्हवं, बियांतलं मोड असत्यात. मला डाक्टरच पायजे." सांजच्याला दोगांस्नी एकाच टांग्यात घालून नेते. सासूबाई बी चला म्हनलं तर डबीच्या बोलीवर तयार झाल्यात. ह्यांना म्या एवढंच सांगनार हाय की दगडाबाई आल्यात, मग पळत येतील. दगडाबाई म्हनत्यात, "खुर्चीवर आदी मी बसते. जावईबापूस्नी म्हनावं भिऊ नगा, माजा हात धरा."