घसरणीवरचं फुलपाखरू

सारी-तोर
१९ जुलै २०१९

प्रिय शेरमातदादा,

तू, वहिनी, मुलं सगळे धडधाकट असाल असं धरून चालते. आमच्याकडे माणसं ठीक, जनावरंही ठीक. तांबडी घोडी जूनमध्ये व्याली, म्हणून यंदा घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमीस भरपूर आहे. कादिरची कंबर धरते, पण तोंड पूर्वीसारखंच चालतं. तुझा पत्ता वहिनीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मीच फोनवर पिच्छा पुरवला.

नऊ वर्षांनी पत्र कशाला, असं तू म्हणशील. पाकिटात एक फोटो आहे, तो आधी बघ.

बघितलास? आपल्या वरच्या दगडांच्या घसरणीवरचं फुलपाखरू आहे ते. पांढरं, मागच्या पंखांवर डाळिंबाच्या दाण्यासारखे दोन तांबडे ठिपके. संपलं म्हणत होते ना सगळे? मीही म्हणत होते.

तीन उन्हाळे शोधते आहे. मुलीने तिचा जुना कॅमेरा दिला, तो गळ्यात बांधून कुरणावरून पहाटे निघायचं, चार तास चढायचं. पहिल्या वर्षी पाच वेळा गेले, काही नाही. दुसऱ्या वर्षी एक दिसलं, पण वाऱ्याबरोबर कड्याखाली गेलं. फोटोत नुसते दगड आले. कादिर म्हणायचा, "लोक मेंढ्या हुडकायला डोंगर चढतात, माझी बायको पाखरं हुडकते."

"मेंढ्या तू हुडक. मला हेच हवंय."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर पुढच्या वर्षी."

मग तो घोडं आणून उभं करायचा. अर्ध्या वाटेपर्यंत घोडं जातं, पुढे आपलेच पाय.

मागच्या आठवड्यात मंगळवारी मात्र सापडलं. ऊन होतं तोवर ते एका जागी टिकेना. मी पोटावर पडून दगडांवरून सरकत राहिले, गुडघा सोलला. मग ढग आला. ढग आला की ते पंख पसरून दगडावर बसतं, हे तूच शिकवलंस. कोपरं दगडात रोवली, श्वास धरला. एकवीस फोटो काढले, त्यातला हा एक चांगला आला.

आता पोटाच्या टोकाकडे नीट बघ. मेणासारखी पिशवी आहे. मादी आहे, जोडी जमून गेलेली, म्हणजे अंडी घालणार. अशी मादी जाळ्यात आली की तू लगेच सोडून द्यायचास. "हिला धरलं तर पुढच्या सालाला काय धरशील?" म्हणायचास. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

दादा, त्याच सालाचं सांगायचं आहे. इतका वेळ घोडी आणि कंबर लिहीत बसले.

तो फुलपाखरं गोळा करणारा परदेशी पाहुणा आपल्याकडे उतरला होता. तू त्याला सगळी खोरी दाखवलीस, पण घसरण नाही. "वर नुसते दगड आहेत," म्हणालास. एका दुपारी तू घोडी पाण्यावर न्यायला गेला होतास. त्याने माझ्या रशियनचं कौतुक केलं आणि सहज विचारलं, तांबड्या ठिपक्यांचं कुठे दिसतं? मी वाट सांगितली. काठीने मातीत काढूनही दाखवली. त्याने मला काही दिलं नाही. मला ठाऊक आहे हे त्याला कळावं, एवढंच हवं होतं मला.

पुढच्या जुलैत तो आणि त्याचे दोन सोबती जाळी घेऊन आले आणि पंधरा दिवस वर राहिले. नंतर तिथे काही उरलं नाही. वाट तूच दाखवलीस असं सगळ्या गावाने धरलं. बाबांनी वर्षभर तुझ्याशी अबोला धरला. तू एकदाही नाही म्हणाला नाहीस. तुला माहीत होतं का, दादा? हे मी पंचवीस वर्षं स्वतःला विचारते आहे.

आणि तरीही नऊ वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, सगळ्या गावासमोर, "डोंगर तू रिकामा केलास" असं मीच म्हणाले. तू चहाची वाटी पालथी घातलीस आणि निघून गेलास.

मागच्या शुक्रवारी कादिरच्या पुतण्याच्या लग्नाचं जेवण होतं. तीच माणसं बसली होती. मी उभी राहिले आणि जे घडलं ते सांगितलं. मामातकाका म्हणाले, "इतकी वर्षं गिळून बसलीस?"

"हो, काका."

"आणि पोराला परमुलखात घालवलंस."

"हो."

बायकांनी माना खाली घातल्या. पुढे कोणी माझ्या ताटात काही वाढलं नाही. मी मात्र जेवण संपेपर्यंत बसून राहिले.

बिश्केकच्या एका अभ्यासकाला फोटो पाठवला होता. तो नेमकी जागा विचारतो. मी कळवलं, अलायच्या डोंगररांगेत आहे, एवढं पुरे. तो चिडला. चिडू दे.

माफी मागत नाही, कारण ती पत्रातून मागायची गोष्ट नाही. तुझ्या समोर बसून मागेन. तू इथे ये, नाहीतर मी येकातेरिनबुर्गला येते. सप्टेंबरात कळप खाली उतरला की मी मोकळी. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी दार ठोठावणार आहे.

तुझ्या नावावर आपली चूक घालून मोठी झालेली, तुझी धाकटी,
उमसुनाय