साध्या पाण्याची ओळ

२ नोव्हेंबर

आलो एकदाचे! मी, सासूबाई, ढीगभर बोचकी आणि पोटातला पाचव्या महिन्याचा पाहुणा. आमचे हे जहाजावर, म्हणजे सामान उतरवायच्या वेळी नेहमीप्रमाणे भर समुद्रात. फोनवर म्हणाले, जड काही उचलू नकोस. मी म्हटलं, मग काय बोचकी आपल्या पायांनी चालत येणार आहेत?

घर मात्र झकास आहे. प्रयोगशाळेच्या खालच्या उतारावर कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या घरांमधलं शेवटचं. दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, ओट्यामागे पांढऱ्या फरश्या. मी नावं ठेवण्यात पटाईत, तरी तासभर शोधून एक कुरकुरणारी कडी तेवढी सापडली. नळाला धो धो पाणी. सासूबाईंनी जन्मात कुठल्या गावच्या पाण्याला चांगलं म्हटलेलं नाही, पण इथलं पेलाभर पिऊन म्हणाल्या, गोड आहे गं, मानवेल आपल्याला. तरी तुला मी उकळून, निम्मं आटवूनच देणार, त्यात तुझं काही चालायचं नाही. त्यांचा तो जुना हट्ट आहे. पाणी जितकं आटेल तितकं शुद्ध, असं त्या माझ्या लग्नापासून सांगत आल्या आहेत.

अंगणात लहान मुलांचा झोपाळा आहे, रंग अगदी कोरा. बाळ बसेल तेव्हा बसेल, तूर्तास मी त्यावर ओली चादर वाळत घातली.

६ नोव्हेंबर

कामाचं सांगायचं तर मी पाणपिसवांची सुईण झाले आहे. पाणपिसू म्हणजे तळ्यात टुणटुण उड्या मारणारा, मोहरीपेक्षाही बारका जीव. नाव पिसू, पण चावतबिवत नाही. अंग काचेसारखं आरपार. सूक्ष्मदर्शकाखाली धरली की धडधडणारं काळीज दिसतं, पोटातला हिरवा घास दिसतो आणि पाठीवरच्या पिशवीत अंडी दिसतात. आमच्या पेल्यांत सगळ्या बायाच. पिल्लं व्हायला नर लागतच नाही, हे मी फोनवर सांगितलं तर आमच्या ह्यांनी लगेच सासूबाईंना फोन द्यायला सांगितलं.

वरच्या कारखान्यात एक औषध बनतं, पाण्याच्या नळांत शेवाळ धरू नये म्हणून घालायचं. ते तळ्यानद्यांत थोडं थोडं, पण रोज जात राहिलं तर काय होईल, हे आम्ही पाहायचं. एका पेल्यात एक पिसू. पहिल्या ओळीत औषधाचा कणभर अंश, पुढच्या ओळींत वाढता, आणि शेवटच्या ओळीत नुसतं साधं पाणी. तीन आठवडे हिरवं शेवाळ खाऊ घालायचं, पाणी बदलायचं आणि झालेली पिल्लं मोजून काढायची. साध्या पाण्यातल्या बाया नीट व्यायल्या तरच बाकीच्यांची त्यांच्याशी तुलना करता येते. नाहीतर सगळी चाचणी बाद.

आमच्या प्रमुख मॅडम पन्नाशीच्या, इस्त्रीच्या घडीसारख्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आयांकडे बघून फसायचं नाही. एवढ्याशा औषधानं आई मरत नाही, खाते, पिते, मजेत असते. जे काय होतं ते पिल्लांना होतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, त्याला सगळे दाढीच म्हणतात, तो पुटपुटला की आईची तब्येत न विचारणारं हे जगातलं एकमेव बाळंतपण. मी फिस्सकन हसले. मॅडम हसल्या नाहीत. माझ्याच घरात त्यांनी पूर्वी बारा-पंधरा वर्षं संसार केला म्हणे. आता एकट्याच वर राहतात.

१३ नोव्हेंबर

चाचणी ऐन भरात आणि प्रयोगशाळेच्या वेगळ्या विहिरीचा पंप जळाला! औषधाच्या ओळींचं पाणी आधीच कालवून ठेवलेलं होतं, साध्या ओळीला मात्र टिपूस नाही. मॅडम बाहेरगावी. दाढी म्हणाला, उद्या बघू. मी म्हटलं, उद्या बघू हे त्या बायांना तू सांगशील का? त्याला तसाच हाताला धरून उठवला, खाली घरी नेला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचे दोन कॅन भरून त्याच्याकडून वर वाहवले. पाणी गाळलं, हवा सोडली, खारेपणा तपासला, सगळं चोख केलं. साध्या ओळीला आता माझ्या घरचं पाणी. म्हटलं, बायांनो, तुमचं माहेरपण समजा.

जेवून कुशीवर झाले तर बाळाने पहिल्यांदाच दोन चांगले दणके दिले. सासूबाईंचा हात तिथे ठेवला तर त्या रडायलाच लागल्या. बापावर गेलंय, म्हणाल्या, जेवलं की हातपाय सुचतात.

१९ नोव्हेंबर

काहीतरी चुकतंय.

औषधाच्या सर्वांत फिक्या ओळीत पिल्लंच पिल्लं झाली आहेत, मोजताना नाकी नऊ आले. साध्या ओळीत एकही नाही. पिशवीत अंडी आहेत, पण दुधाळ, मेलेली. काही नुसतीच पेल्याच्या तळाला पडलीत. आया मात्र ठणठणीत, टुणटुण उड्या मारतायत. मला आधी वाटलं साबण राहिला असेल, पण पेले मी स्वतः धुते आणि माझ्या धुण्यात साबण राहील ही गोष्ट मी तरी मानणार नाही.

दुपारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ जरा लहान वाटतं, हालचालही कमी आहे, लक्ष ठेवा. सासूबाईंनी मला धीर दिला, गुणी बाळ आहे, आईला त्रास देत नाही.

येताना झोपाळ्यापाशी थांबले. इतक्या घरांत एकही पोर नाही, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. दाढीला विचारलं. तो म्हणाला, इथे सगळ्यांची लग्नं कामाशीच झालीत. मग हसायचं थांबला आणि म्हणाला की त्याच्या बायकोला दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा मूल पाचव्या-सहाव्या महिन्यात गेलं. मग बराच वेळ तो स्वच्छच असलेलं टेबल पुसत बसला.

२१ नोव्हेंबर

कॅनमध्ये उरलेलं घरचं पाणी आज यंत्रात घालून तपासलं. सापडलं. तेच औषध. पहिल्या फिक्या ओळीत असतं त्याच्या कित्येक पट.

इमारतीच्या मागे गेले. कारखान्याचं आणि आमचं सांडपाणी एका खड्ड्यात जातं. खड्ड्याच्या खाली उतार, उतारावर घरांना पाणी पुरवणारी जमिनीतली टाकी; खड्ड्यातलं सगळं झिरपून तिच्यातच. माझ्या डोळ्यांदेखत होतं सगळं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. रोज निगुतीने तीन-तीनदा पेले विसळून मी ते पाणी तिकडेच सोडत होते. आणि वर ते पाणी गोड म्हणून पीत होते.

बाळा, मला माहीत नव्हतं रे.

२२ नोव्हेंबर

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आधी एवढंच म्हटलं की साधी ओळ बिघडली म्हणजे चाचणी बाद, पेले ओता, धुवा, नव्याने मांडा. मी म्हटलं, मॅडम, ते माझ्या घरचं पाणी आहे, मी गरोदर आहे, घराघरात तेच पाणी जातंय! त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, मी त्या घरात इतकी वर्षं तेच पाणी प्यायले, मला काय झालं?

मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. काही झालं नाही हो, असं एकदा अगदी हळू म्हणाल्या, आणि आधीच झाकलेल्या सूक्ष्मदर्शकाचं झाकण शोधत राहिल्या. त्यांना मूल नाही. किती वेळा दिवस राहिले होते ते मी विचारलं नाही.

पिसवा ओतल्या नाहीत. साध्या ओळीतल्या पाच आया बाटलीत घालून घरी आणल्या.

२३ नोव्हेंबर

सकाळी कपड्यावर रक्ताचा डाग. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. अजिबात हलायचं नाही, गाडीत तर बसायचंच नाही, पलंगावर पडून राहा. म्हणजे हे घर सोडताही येत नाही. ह्यांचं जहाज आठ दिवसांनी लागणार.

दाढीने गावाच्या पलीकडून पिण्याच्या पाण्याचा मोठा ड्रम विकत आणून ठेवला. त्याची एक बाटली वर नेऊन तपासली. निर्मळ आहे. शेजारच्या घरांनाही त्याने सांगितलंय. सासूबाईंना मी खरं काही सांगितलं नाही, त्यांचं काळीज आधीच हळवं. नुसतं म्हटलं, नळाच्या पाण्याला वास येतोय, आता मला ड्रममधलंच पाणी द्या. विकतचं पाणी कोणी, कुठे, कसल्या हातांनी भरलं कोण जाणे, असं त्या पुटपुटल्या.

पलंगाशेजारच्या खिडकीत पाच पेले मांडलेत. पाचही आया ड्रमच्या पाण्यात. त्यांची पुढची अंडी जगली, तर स्वच्छ पाण्यात आईचं अंग सुधारतं. त्यांचं सुधारलं तर माझंही सुधारेल. मला दुसरं काही सुचत नाही. सगळा जीव त्या पाच पेल्यांत अडकलाय.

२५ नोव्हेंबर

नवी अंडी! हिरवट, स्वच्छ. दुधाळ एकही नाही. पडल्या पडल्या भिंग धरून मान मोडली तरी बघतेय. रक्त थांबलंय.

२६ नोव्हेंबर

अंड्यांना डोळे आलेत!! बारीक काळे ठिपके. म्हणजे आत पिल्लू आहे, जिवंत आहे. एका आईच्या पिशवीत तर चुळबुळ दिसली. मी मोठ्याने रडले. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं दुखतंय. आणि तेवढ्यात बाळाने लाथ मारली, अशी सणसणीत की सासूबाईंना माझ्या झग्यावरून दिसली.

जगणार माझं बाळ. ह्यांना फोन करून सांगितलं, उड्या मारतंय म्हणून.

२७ नोव्हेंबर

तीन आयांची पिल्लं बाहेर आली. टुणटुण. बाकी दोघींची उद्या येतील.

सासूबाई न मागता तासातासाला पेला भरून देतात. पेल्यांतलं पाणीही त्याच बदलतात, मला उठू देत नाहीत. ड्रम बराच पुरतोय, बाई.

२८ नोव्हेंबर

पिल्लं तळाला बसलीत. मी पेला हलवला. हलवला की हलतात, ठेवला की बसतात.

उरलेल्या दोघींच्या पिशव्या दुधाळ. डोळे होते, कालपर्यंत होते, मी पाहिलेत—

का? पाणी तर तेच आहे. माझं काय चुकतंय?

बाळ सकाळपासून शांत आहे. झोपलं असेल.

२९ नोव्हेंबर

तहान लागली. सासूबाईंना हाक मारली, ऐकू गेली नाही. भिंत धरत स्वयंपाकघरात गेले.

शेगडीवर मोठं पातेलं होतं, तळाशी आलेलं. त्या फडक्याने ते उचलून ड्रममध्ये ओतत होत्या. नळाचं पाणी. उकळून, निम्मं आटवून. मला बघून दचकल्या, मग लाजल्या, मग अगदी अभिमानाने म्हणाल्या की विकतचं पाणी परवाच संपलं, तुला सांगितलं असतं तर तू उठून धावपळ केली असतीस. चांगलं चार-चार तास आटवते हो मी. वास सगळा उडतो, बघ.

औषध उडत नाही. पाणी उडतं. औषध राहतं. दुप्पट होतं.

मी खाली बसले. त्यांनीच मला उठवलं, पलंगावर आणलं, पदराने तोंड पुसलं आणि पेला ओठांना लावला.

मी सांगितलं असतं तर— एका शब्दाने सांगितलं असतं तर—

३० नोव्हेंबर

दाढी गाडी आणायला गेलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हलवावंच लागेल. यंत्राने ठोके ऐकत होत्या. बराच वेळ ऐकत होत्या. मग यंत्र पिशवीत ठेवलं.

मी ठणठणीत आहे. भूकही लागलीय. लाज वाटते मला भुकेची.

खिडकीत पाच आया उड्या मारतायत.

सासूबाई पायाशी बसल्यात. अजून त्यांना ठाऊक नाही. मी नाही सांगणार, कधीच नाही. पुन्हापुन्हा विचारतात, हललं का गं? मी हो म्हटलं. त्या हसल्या.

हात पोटावर ठेवलाय. एका हाताने लिहितेय. आत्ता काहीतरी— नाही. माझाच श्वास.

जरा कुशीवर होते. कुशीवर झालं की हलतं ते, तेरा तारखेलाही असंच—

हल ना रे. एकदाच. आजीने हात ठेवलाय बघ तुझ्या—