सहा विज्ञानपेट्यांची विल्हेवाट

मी, सटवाजी साहेबराव सोळंके, वय २१, शिक्षण चौथी (अपुरी), मूळ राहणार करडगाव (नवे), जिल्हा लातूर, हल्ली मुक्काम अंबाला, हरियाणा, पूर्ण शुद्धीवर असताना, दारू न पिता आणि कोणी मानगूट न धरता हे लिहून ठेवतो. येत्या गुरुवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात मामूली आहे. पोट त्यांचे नसल्याने त्यांना तसे वाटणारच.

कलम १. भूकंपात आई-वडील गेले आणि आम्हा दोघा भावांना मिळून सरकारी घर मिळाले. त्यातला माझा अर्धा हिस्सा वहिनी सौ. सिंधु हिला; ती मुलीला घेऊन त्याच घरात राहते. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ हरिओम (दादा), याला काही नाही. लातुरात त्याचा दोन मजली क्लास आहे, बाहेर पोरांच्या फोटोंचा भलामोठा फलक आहे. तो उघड्यावर पडणार नाही.

कलम २. पक्कड, पेचकस आणि छिन्नी खोलीतला सोबती पंढरी, राहणार किनवट, याला. माझे ब्लँकेटही त्यालाच. तसेही दोन वर्षे तोच ते पांघरत आला आहे.

कलम ३. आमच्या कारखान्यात पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी विज्ञानपेट्या बनतात. लोहचुंबक, भिंग, आरसा, बल्ब, वायर, सेल. रंग उडाला म्हणून बाद झालेल्या सहा पेट्या मालकाने मला दिल्या. आतले सगळे चालू आहे, मी स्वतः तपासले. या सहाही पेट्या करडगावच्या शाळेतल्या चौथीच्या पोरांना.

आता का, ते लिहितो. नाहीतर दादा म्हणेल, भुलीच्या इंजेक्शनाने डोके फिरले.

भूकंपानंतर आमच्या पत्र्याच्या शाळेला कुठल्याशा संस्थेने अशीच एक पेटी दिली होती. हेडमास्तर शेषेराव गुरुजींनी ती डेडस्टॉक रजिस्टरला चढवली. चढवलेली वस्तू फुटली तर गुरुजींना जबाब द्यावा लागतो. म्हणून ती फुटू नये, म्हणून ती कोणी वापरू नये, म्हणून कुलूप. साहेब तपासणीला आले की पेटी टेबलावर, साहेबांची जीप वळली की कपाटात. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. हळदकुंकू थेट भिंगावर. त्यातून बघितले असते तर साऱ्या गावाला कावीळ झालेली दिसली असती, पण बघतो कोण?

मी बघितले. पूजेसाठी कुलूप काढले होते. शर्टाने भिंग पुसून मुंगी बघत होतो, तेवढ्यात गुरुजी ओरडले, "ठेव की खाली, ठोंब्या!" दचकलो, भिंग फुटले. दादाला बोलावले. माझी बाजू घ्यायला घरात तोच उरला होता. त्याने सगळ्या पोरांदेखत दोन ठेवून दिल्या आणि म्हणाला, "ह्याच्यानं शाळा व्हत न्हाई, गुरुजी. नाव काढा." रजिस्टरातून भिंग आणि हजेरीपटातून मी, एकाच दिवशी कमी झालो.

कलम ४. पेट्यांचे कळल्यावर दादाचा फोन आला. "सटव्या, लातूरला पाठव. काचेच्या शोकेसमध्ये ठिवतो. पालकांवर लई छाप पडती."

"पोरं हात लावतील का?"

"हात कशाला? प्रश्न ऑब्जेक्टिव्ह येतेत."

सबब, दादाच्या क्लासला यातली टाचणीसुद्धा देऊ नये.

त्याची मुलगी सुकन्या यंदा गावच्या शाळेत चौथीत आहे. जूनपासून दादा तिला क्लासला नेणार. मी फोनवर विचारले, "लोहचुंबक बघितलंस का गं?"

"हाव काका. सरांनी फळ्यावर काढलंय."

कलम ५. अटी. पेट्या डेडस्टॉकला चढवू नयेत. शेषेराव गुरुजी रिटायर झाले, रजिस्टर रिटायर होत नाही. वर्षभरात निम्म्या वस्तू फुटल्या, हरवल्या किंवा पोरांच्या खिशात गेल्या पाहिजेत. सगळ्या शाबूत राहिल्यास माझी इच्छा मोडली असे समजावे. हे बघण्याचा अधिकार सिंधुवहिनीला. ती शाळेत खिचडी शिजवते, रोज मास्तरांच्या आधी पोचते.

वहिनी म्हणाली, "भावजी, सर कुलूप लावतील की ओ." म्हणून सहाही पेट्यांचे कडी-कोयंडे मी छिन्नीने उडवले आहेत.

मृत्युपत्रातले दान मेल्यानंतर द्यायचे असते, हे मला सांगण्यात आले. पण सुकन्याची चौथी माझ्या मरणासाठी थांबणार नाही. पेट्या परवाच अंबाल्याहून रेल्वेने नांदेडला, वहिनीच्या नावाने रवाना केल्या. मी ऑपरेशनातून वाचलो तरी कलम ३ फिरवता येणार नाही.

दादा, हा कागद वाचून तू शोकेससाठी शाळेत जाशील. जरूर जा. तोवर पोरांनी सेल संपवलेले असतील.

सही: सटवाजी साहेबराव सोळंके

समक्ष सह्या करणारे:
१. रेणुकादास देगलूरकर, पॅकिंग खाते (वाचून सही केली)
२. गुरमीत सिंग, फोरमन (मराठी येत नाही. हिंदीत समजावल्यावर पोटभर हसून सही केली)

मुक्काम अंबाला, १० जानेवारी २००५