शिडीवरचे सत्तावीस शिक्के

वाघापूर, तामसी रोड
ता. २५ ऑक्टोबर १९८९

ती. स्व. माणिकदादास,
रेणुकाचा शि. सा. न. वि. वि.

आमी इकडं बरे हाओ. वयनीचं कंबरेचं दुखनं आता कसं हाये ते लिवा.

काल यायनं आदिलाबादले जाऊन आमदारकीचा फारम भरला. आता तुमच्या जिवाले गार वाटलं असन. दसऱ्याले तुमी आले, जेवता जेवता म्हनाले का सीमा किसान पक्षाले आपल्या भागात एक सच्चा मानूस पायजे अन् चंपतरावसारखा दुसरा नाई. तुमी दुसऱ्या दिवशी बेल्लमपल्लीची गाडी धरली. हे मात्र चार रोज वांग्याच्या वाफ्यात बसून एकटेच बोलत होते.

मी आडवी आली नाई, खोटं कायले बोलू. गावातला मराठी मास्तर रिटायर होऊन चार सालं झाली. लेकरं पाटी घेऊन जातात अन् घंटाभर बसून येतात. यायनं दरखास्ता देऊन देऊन चपला झिजवल्या. जवाब येते तो तेलुगूत. तो वाचून घ्याले भाजीच्या टोपल्यासंगं आदिलाबादले न्या लागते. मांगच्या जवाबात एवढंच होतं का विचार चालू हाये. हे म्हनते, विचार जिथं चालू हाये तिथंच जाऊन बसलं पायजे.

पन यायचे पाय सुजून राह्यले दादा. बांध चढता चढता दम लागते. डॉक्टरले दाखवा म्हटलं तर म्हनते, मतदान होऊ दे. तुमी लिवा, तुमचं ऐकतीन.

वयनीले नमस्कार. लेकरायले पापा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
रेणुका


बेल्लमपल्ली
ता. ३० ऑक्टोबर १९८९

चि. सौ. रेणुकास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळाले. उद्या भाऊबीज, आणि मी खाणीच्या हजेरी कचेरीत अडकलो आहे. दोन कारकून रजेवर, तिन्ही पाळ्यांची हजेरी माझ्या एकट्याच्या गळ्यात. ओवाळणी राहिली ती राहिली. रागावून माझ्या वाटची करंजी तू खाऊन टाकशील, हे मला ठाऊक आहे.

जावईबापूंनी फॉर्म भरला हे कळल्यावर इथल्या युनियनच्या खोलीत मी पेढे वाटले. हसू नकोस. आजवर आपल्या जागेवर दोनच माणसे भांडत आली: एकीकडे कापसाच्या जिनिंगचे मालक, दुसरीकडे वकीलसाहेब. आपली मराठी गावे डोळे मिटून वकिलाच्या पारड्यात पडतात, कारण तो बाजारात भेटला की मराठीत रामराम करतो. रामरामाच्या पुढे त्याने कधी काही केले का? आता ही पाच-सहा हजार मते चंपतरावांकडे वळली तर वकील पडणार. म्हणून तो घरी येईल, गोड बोलेल. नाव मागे घेऊ देऊ नकोस.

पायांच्या सुजेचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. मीठ कमी कर. मतदान संपले की मी स्वतः त्यांना घेऊन जाईन.

तुझी वहिनी आठवण काढते. थोरल्या भावावर जीव असू दे.

तुझा,
माणिकदादा


आदिलाबाद
ता. ७ नोव्हेंबर १९८९

ती. स्व. दादास,
रेणुकाचा शि. सा. न. वि. वि.

तुमी लिवलं तसंच झालं. नाव मांगं घ्याच्या तारखेच्या आदल्या रोजी वकीलसाहेब आले. बाजेवर बसले, माह्या हातचा चहा घेतला. म्हनाले का चंपतराव, तू अन् मी एकच भाषा बोलतो, आपसात कायले कापाकापी? हे म्हनाले का साहेब, तुमी आमची भाषा बोलता, आमच्यासाठी बोलत नाई. वकिलानं कप अर्धाच ठेवला अन् उठले. तारीख निघून गेली. यायले शिडीचं चिन्ह भेटलं.

मंग चार तारखेले तामसीच्या बाजारात सभा होती. हे बैलगाडीवर उभे राहून बोलत होते. बोलता बोलता थांबले, गाडीची दांडी धरली अन् खाली बसले. ओठ निळे पडले. बसले म्हंजे उठलेच नाई. मी धावली. कोनी पानी आनलं, कोनी कांदा. तेवढ्यात जिनिंगवाल्याची जीप आली, तेच लोक खाली उतरले, यायले उचललं अन् आदिलाबादच्या एका खाजगी दवाखान्यात आनून टाकलं.

दादा, मले काई समजून नाई राह्यलं. विरोधातला मानूस, अन् खोली त्याची, औषध त्याचं, नाकाले लावाची नळी त्याची. दारावर दोन मानसं बसवले. माह्या हातची भाकर आत गेली का ते पयले पाह्यतात. डॉक्टर म्हनाला का हृदय मोठं झालं, छातीत पानी हाये, नागपूरले न्या. दारावरचे म्हनतात, बावीस तारीख होऊ द्या बाई, मंग कुठंबी न्या. काऊन बावीस तारीख?

घरी शेजारची बयनाबाई गुरंढोरं पाह्यते. चिट्ठी लवकर धाडा.

तुमची,
रेणुका


बेल्लमपल्ली
ता. १० नोव्हेंबर १९८९

चि. सौ. रेणुकास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी इथल्या युनियनच्या कायदे-सल्लागाराकडे गेलो. त्याने जे सांगितले ते तुला कळलेच पाहिजे.

कायदा असा आहे, की उभा असलेला कोणताही उमेदवार मतदानाआधी वारला तर ती निवडणूक रद्द होते आणि पुढे पुन्हा घेतात. मग तो मोठ्या पक्षाचा असो नाहीतर आपल्यासारखा. चंपतराव उभे आहेत तोवर वकिलाची मते फुटतात आणि जिनिंगवाला निवडून येतो. म्हणून जिनिंगवाल्याला ते बावीस तारखेपर्यंत जिवंत हवे आहेत. त्यापुढचे त्याला देणेघेणे नाही. नागपूरच्या वाटेत काही झाले तर त्याचा खेळ मोडेल, म्हणून तो हलवू देत नाही. आणि वकिलाला काय हवे असेल ते तुझे तूच समज.

दसऱ्याला मी भाऊ म्हणून नव्हे, पक्षाचा माणूस म्हणून तुझ्या घरी आलो होतो, ही माझी चूक. सभा, शिडी, मते सारे खड्ड्यात गेले तरी चालेल, त्यांना नागपूरला ने. मी रजा मागितली आहे. साहेब म्हणाले, एकोणीसच्या आधी नाही.

धीर सोडू नकोस. माझ्यावर राग असला तरी दार बंद करू नकोस.

तुझा,
माणिकदादा


आदिलाबाद
ता. १३ नोव्हेंबर १९८९

रा. रा. माणिकराव यांस,
चंपतरावचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पडल्या पडल्या लिवतो, अक्षर वाकडं येईन. तुमची चिट्ठी रेणुकानं मले वाचून दाखवली नाई, उशीखाली लपवली होती. मी काढून वाचली.

पन्नास वर्सं झाले, माह्या तब्येतीची चौकशी एवढ्या लोकायनं कधी केली नाई. सकाळी जिनिंगवाल्याचा मानूस नाडी पाह्यते, जसा डॉक्टर तोच हाये. दुपारी वकिलाचा मानूस खिडकीतून डोकावते अन् मी बसलेला दिसलो का त्याचं तोंड पडते. मी मुद्दाम उठून बसतो.

तुमी स्वतःले बोल लावू नका. तुमी विचारलं, हो मी म्हटलं. पन एक गोष्ट मनात खुपते. मले वाटलं होतं का आपन उभे राह्यलो म्हंजे दोघायले आपलं ऐका लागन. इथं आल्यावर समजलं का माहं बोलनं कोनालेच नको होतं. एकाले माहा श्वास पायजे, दुसऱ्याले तो नको.

बाहेर आपल्या पोरायनं शिडीचे कागद चिटकवले म्हनतात. मले पाह्याचे होते. रेणुका नागपूरचं काढून राह्यली. ती म्हनन तसं करीन.

घरच्यायले नमस्कार. आठवनीत ठेवा.

आपला,
चंपतराव


नागपूर, सरकारी दवाखाना
ता. १८ नोव्हेंबर १९८९

ती. स्व. दादास,
रेणुकाचा शि. सा. न. वि. वि.

आमी नागपूरले पोचलो. हे जिते हायेत. हे पयले लिवते, मंग बाकीचं.

यायले हलवाले आदिलाबादात कोनीच गाडी देईना. जिनिंगवाल्याचा धाक. मंग मी वकिलाच्या कचेरीत गेली. तुमी लिवलं ते मले ध्यानात होतं, दादा. पन जो मानूस यायच्या मरनावर टपला, तोच रस्त्यानं न्याले गाडी देईन हेही मले समजत होतं. तो लगेच हो म्हनाला. विचारलंही नाई का कुठं नेता.

सोळा तारखेले भर दुपारी जिनिंगवाल्याचा जुलूस निघाला. दारावरचे दोघंही पाह्याले गेले. दवाखान्यातली दाई भली होती, तिनं मांगचं दार उघडलं. जीपवाला पैनगंगेच्या पुलापर्यंत बरोबर आला. पूल ओलांडला अन् एका धाब्यावर थांबला. बॉनट उघडलं, म्हनाला इंजन गरम झालं. घंटा झाला, दीड घंटा झाला. हे मांगच्या सीटवर तोंड वासून श्वास घेत होते. मी उतरली अन् इंजनावर हात ठेवला. गार होतं.

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राह्यली. नागपूरची एस्टी आली, तिले हात केला. डायवर शिव्या देत थांबला, पन यायचं तोंड पाह्यलं अन् दार उघडलं. लोकायनं मांगची पूरी सीट मोकळी केली. हिंगणघाटपर्यंत एक बाई आपल्या पदरानं यायले वारा घालत होती. नाव विचाराचं राहून गेलं.

इथल्या डॉक्टरनं छातीतलं पानी काढलं. म्हनाला, धोका हाये, पन टाइमावर आनलं. आमी इथं हाओ हे कोनालेच सांगू नका. दोघायपैकी एकालेही पत्ता लागला तर ते इथं येतीन. फक्त तुमाले मालूम हाये.

तुमची,
रेणुका


बेल्लमपल्ली
ता. २८ नोव्हेंबर १९८९

चि. सौ. रेणुकास,
अनेक आशीर्वाद.

तुझे अठराचे पत्र काल संध्याकाळी माझ्या हातात पडले. मी एकोणीसलाच इथून निघालो होतो. ते इथे घरी न उघडता पडून राहिले आणि मी तिकडे होतो. आता जे झाले ते लिहितो. पूर्ण वाच, मग फाडून टाक.

आदिलाबादच्या दवाखान्यात गेलो तर खोली रिकामी. जिनिंगवाल्याची माणसे मलाच धरून विचारू लागली, कुठे लपवला. शेवटी वकिलाचा जीपवाला भेटला. तो म्हणाला, बाईने पुलाच्या पलीकडे बसमध्ये टाकून नेले, माणूस संपल्यातच जमा होता, हिंगणघाटसुद्धा गाठले नसेल. मी दोन दिवस वाट पाहिली. तुझी तार नाही, चिठ्ठी नाही.

बावीसला मी वाघापूरच्या बूथवर शिडीचा एजंट म्हणून बसलो. नऊच्या सुमारास वकिलाचा कर्णा फिरला, चंपतराव आपल्याला सोडून गेले, मेलेल्याला मत देऊन वाया घालवू नका, आपल्या भाषेच्या माणसाला द्या. मेल्याचा पुरावा असता तर त्याने निवडणूकच रद्द करवली असती. पुरावा नव्हता, म्हणून नुसता आवाज केला. रांगेतल्या लोकांनी विश्वास ठेवला नाही. ते माझ्याकडे आले. भिवाजी पाटलाने माझे दोन्ही हात धरून विचारले, माणिकराव, तुम्ही सख्खे मेहुणे, खरे काय ते सांगा.

मी नाही म्हणू शकलो असतो. मला माहीत नव्हते, तेवढे तरी म्हणता आले असते. मला रडू फुटले, रेणुका. शाळेच्या पायरीवर बसून मी लहान पोरासारखा रडलो. बायांनी गळा काढला. मग सारी रांग आत गेली आणि वकिलावर शिक्के मारून आली. शेजारच्या गावांत बातमी गेली ती अशी, की मेहुणा स्वतः रडला.

वकील आठशे मतांनी निवडून आला. मोजणीला मी होतो. आपल्या गावच्या पेटीत शिडीवर सत्तावीस शिक्के निघाले.

हे त्यांना सांगायचे की नाही, ते तू ठरव. मला आशीर्वाद लिहायचा अधिकार उरला नाही, पण सवयीने लिहिला.

माणिक


वाघापूर
ता. २ फेब्रुवारी १९९०

ती. स्व. दादास,
रेणुकाचा नमस्कार.

यायच्या तेरवीले तुमी आले, पंगतीत वाढलं, भांडे उचलले अन् माह्याशी न बोलता गाडी धरली. मीही बोलली नाई. सारं गाव बसलं होतं. म्हून आता लिवते.

तुमची नोव्हेंबरातली चिट्ठी मी यायले वाचून दाखवली. लपवून उपेग नव्हता, आंधीच एक सापडली होती. यायनं ती पुन्हा एकदा वाचाले लावली. मंग म्हनाले का माह्यासाठी कोनी रडलं तर त्याले दोष कायचा द्याचा. हे त्यायचं बोलनं. माहं म्हनाल तर मले राग आला होता, अन् अजून हाये. मी त्यायले पुलावरून जितं नेलं अन् तुमी शाळेच्या पायरीवर मारलं. असं लिवून टाकलं म्हंजे मनात राह्यत नाई.

डिसेंबरात आमी घरी आलो तवा गावातले लोक दिसले का रस्ता बदलत होते. हे अंगनात बाजेवर बसत. कोनी आलं नाई. पंधरा रोजानं भिवाजी पाटील आले, पायाजवळ बसले अन् जमिनीकडं पाहून बोलत राह्यले. यायनं त्यायले शिव्या दिल्या नाई, वांग्याच्या बियाचं विचारलं.

पन एक नाद लागला होता त्यायले. ते सत्तावीस कोन? सारं गाव तुमच्या रडन्यानं फिरलं, मानूस मेला म्हून समजलं, तरी सत्तावीस जनायनं शिडीवर शिक्का मारला. ते कोन असतीन? रोज ऊन कललं का बोटावर मोजत बसत. ही असन, तो असन. मी म्हनो, बोलावून विचारा. ते म्हनत, मत गुप्त असते, विचारू नाई.

हे गेले त्याच्या तिसऱ्या रोजी आपल्या गावची प्रयागबाई आली. ती कोनाच्या घरी जात नाई, तुमाले मालूम हाये. चुलीजवळ बसली अन् म्हनाली का मले लोकायनं सांगितलं, मेलेल्याले मत देऊन काय भेटते. मी त्या लोकायले म्हटलं, जित्यायले देऊन काय भेटलं होतं? एवढं बोलून ती माह्या हातचं पानी पेली अन् गेली. हे यायच्या कानावर पडाले पायजे होतं. तीनच रोज उशीर झाला.

नवे आमदार तेरवीच्या आदल्या रोजी हार घेऊन आले होते. मी बाहेर निघाली नाई.

यायनं एकोनीस नावं जमवली होती. त्यात प्रयागबाई नव्हती. म्हंजे वीस झाले. बाकीचे सात मले मालूम नाई. आमी दोघं नागपुरात होतो, म्हून त्यात यायचं सोताचं मत नाई अन् माहंबी नाई.

होळीले या. राग हाये म्हून येऊ नका असं नाई.

तुमची,
रेणुका