काजळीचा सकाळचा डोस

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काजळी आजारी. काळी तलंग, आठवडाभरात पहिलं अंडं देईल असं वाटत होतं. सकाळी खुराडं उघडलं तर बाकीच्या सहा बाहेर पळाल्या, ही आतच, पंख सोडून बसलेली. विष्ठेत रक्त.

ह्यांना हाक मारली. उकिडवे बसले, तुरा चिमटीत धरून पाहिला, शेपटाखाली पाहिलं. म्हणाले, "रक्ती हगवण. घाबरू नको, पाच दिवसांत उभी राहील."

हे जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी बघणारे ड्रेसर होते, एकतीस वर्षं. रिटायर होऊन सात झाली, तरी बोरीत लोक ह्यांनाच डाक्टर म्हणतात. बैल असो, बकरी असो, आधी आमचं दार. त्यामुळं मी निवांत.

कपाटातली नवी बाटली फोडली. सकाळी पाच थेंब, संध्याकाळी पाच. मी धरलं, ह्यांनी चोच उघडून दिलं. काजळी आता ओसरीत, डालग्याखाली.

बुधवार, ५

पाणी प्याली. रक्त कमी. औषधाचं आता हेच बघतात, मला धरू देत नाहीत. "तुझ्या हातात भेती ती." खरंय. शाळेतली पोरंही भ्यायचीच.

गुरुवार, ६

बरी नाही. कालच्यापेक्षा वाईट. मान टाकली. तुरा फिका, पांढुरका. भिजवलेल्या कण्या चोचीला लावल्या, बघतसुद्धा नाही.

शेजारची शेवंताबाई डोकावून गेली. "बाई, मरायच्या आदी कापून टाका की."

हे आतूनच म्हणाले, "औषध चालू असलेली कोंबडी खायची नसती." इतकं सगळं पाठ आहे. मग ही सुधरत का नाही?

हे दिवसभर डालग्यापाशीच बसले होते. जेवायला दोनदा बोलवावं लागलं.

शुक्रवार, ७

काजळीला टोपलीत घालून जिंतूरला नेलं. हे म्हणाले, "ने, पण तो पण हेच सांगंल." बसमध्ये मांडीवर टोपली. मधेमधे मी हात घालून बघत होते, गरम आहे का.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण आहेत. नोकरीला नवीन असताना ह्यांनीच त्यांना गाईची शीर कशी सापडवायची ते दाखवलं होतं, म्हणून मान देतात. पंखाखालची कातडी बघितली. आत निळे-लाल डाग. मला दिसलेच नव्हते.

"मॅडम, हे आजाराचं नाही वाटत. औषध जास्त झालंय. कोण देतं?"

"हेच देतात."

हसले. "सर देतात? मग शक्य नाही." मग म्हणाले, बाटली आणली का. पिशवीतून काढून दिली. त्यांनी उजेडात धरली. तळाला बोटभर.

"कधी फोडली?"

"मंगळवारी."

त्यांनी बाटली हलवून परत पाहिली. मी म्हणाले, सांडली असेल.

रक्त थांबायचं इंजेक्शन दिलं. औषध एकदम बंद, नुसतं गुळाचं पाणी. घरी येऊन ह्यांना सांगितलं. "बरोबर हाय, बंद करू," म्हणाले. सांडली का विचारलं तर "न्हाई" म्हणाले. विषय तिथंच राहिला.

शनिवार, ८

काय लिहू. 

सकाळी सातला बुद्धवंदना झाली, चहा ठेवला. खिडकीतून पाहिलं तर हे डालगं उचलून बसलेले, हातात ड्रॉपर. मी पळत गेले. "अहो, बंद करायचं ठरलंय ना कालच?"

"कुणी ठरवलं?"

मला वाटलं, झोपेतून उठलेत, विसरले असतील. कालचं सगळं परत सांगितलं. "अरे हो," म्हणाले. बाटली माझ्या हातात दिली. मी मोरीत ओतली, धुतली, आणि का कुणास ठाऊक, त्यात साधं पाणी भरून परत फळीवर ठेवली. मला काहीच बघायचं नव्हतं. तरी ज्वारी निवडायचं सूप घेऊन खिडकीशी बसले.

पावणेआठ. आले, पाच थेंब दिले.

साडेआठ. पाच थेंब.

सव्वानऊला हात धुतले, पंच्याला पुसले, बाटली काढली, माझ्याकडं बघून म्हणाले, "सकाळचा डोस राहिला बघ." थेंब मोजून दिले. पाचच. एकही जास्त नाही. अंगठ्यानं चोच पुसली. किती हळूच.

मग परत दहाला.

त्यानंतर मी मोजलं नाही. सूप मांडीवर तसंच. म्हणजे मंगळवारपासून हे असंच चाललं होतं आणि मी घरातच होते. दहा पावलांवर.

रविवार, ९

ह्यांच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या. त्या त्यांच्या तेच घेतात, मी कधी बघत नाही. आज डबा उघडला. महिनाभराच्या गोळ्या दिवाळीला आणल्या होत्या, तीन आठवडेही झाले नाहीत. एकच पाकीट उरलंय, त्यातही दोन गोळ्या.

गोळ्या परत मोजल्या. म्हणून गेल्या आठवड्यात हे दोनदा भिंतीला धरून उभे होते. मी म्हणाले होते, ऊन लागलं. नोव्हेंबरात.

परभणीला लेकीला, सुवर्णाला फोन. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आई, दिवाळीत पपांनी मला तीनदा विचारलं, जावईबापू का नाही आले म्हणून. आमचे हे त्यांच्या शेजारीच बसलेले होते. मला वाटलं, मस्करी करायलेत."

"मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीतच असंल."

तिला दिसलं. आणखी कुणाकुणाला? बेचाळीस वर्षांचा संसार. मी वर्गात मागच्या बाकावरची चूक ओळखायचे.

औषधाच्या कपाटाला कुलूप घातलं. त्यांच्या गोळ्याही त्यातच. पहिल्यांदाच. सुवर्णानं परभणीत ह्यांच्यासाठी गुरुवारची डॉक्टरची वेळ घेतली.

काजळी जिवंत आहे. चमच्यानं गूळपाणी, दर तासाला. मीच देते. भीत नाही आता, की भ्यायचीही ताकद नाही.

सोमवार, १०

शेवंताबाई बकरी घेऊन आली. "डाक्टर हायत का? हिला सुई मारा, लय हापायलीय."

हे लगेच उठले. बकरीच्या बरगडीला कान लावला, नाक पाहिलं. "फुप्फुसाला सर्दी झालीय. कपाट उघड गं." रोग ओळखायला मिनिटसुद्धा लागलं नाही. बरोबरच असणार.

मी म्हणाले, "सुई-औषध संपलंय. शेवंताबाई, जिंतूरला न्या."

"संपलं कसं? मागच्या महिन्यात आणलंय मी."

"संपलंय."

शेवंताबाई माझ्याकडं बघत राहिली, मग बकरी ओढत गेली. ह्यांचा चेहरा लाल. "एकतीस वर्षं काढली मी. दारातनं कधी जनावर माघारी गेलं न्हाई. तू कोण मला अडवणारी?" असं ह्या घरात कधी कुणी मला बोललेलं नाही. वर माझं खोटं. 

संध्याकाळपर्यंत ते विसरले. शेंगदाणे सोलून माझ्यापुढं ठेवले. मी विसरू शकत नाही.

शेवंताबाईची बकरी जिंतूरहून बरी होऊन आली, तर कळेल की मी अडवलं ते बरोबर होतं… काय कळेल. काही नाही.

मंगळवार, ११

काजळी उठली. दोन पावलं, मग बसली. भिजवलेली बाजरी खाल्ली, सात-आठ दाणे. डावा पाय ओढते. अंडं आता देईल न देईल.

हे शेजारी बसून बघत होते. मग अगदी नीट, पूर्वीसारख्या आवाजात विचारलं, "खरं सांग. हिला मी जास्त औषध दिलं का?"

चार दिवस ज्याला भीत होते तेच. खोटं बोलता आलं असतं. सांगितलं. डॉक्टर, बाटली, शनिवारची सकाळ, त्यांच्या गोळ्या, कुलूप, गुरुवारी परभणीला जायचंय ते. सगळं. ते आधी माझ्याकडं आणि मग स्वतःच्या हातांकडं बघत राहिले. तळवे वर करून. रडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते मला लिहिता येत नाही.

शेवटी म्हणाले, "किल्ली तुझ्यापाशीच राहू दे. मी मागितली तरी देऊ नको."

मला वाटलं, सुटलो. अवघडातलं अवघड झालं, आता दोघं मिळून बघू. जेवताना दोन घास जास्तच गेले मला.

दुपारी तीनला कपाटापाशी खडखड. जाऊन पाहिलं. कुलूप ओढत होते.

"हे कुणी लावलं? काजळी आजारी हाय, तुला कळत न्हाई का?"

किल्ली माझ्या मुठीत. ते वाट बघत उभे. परत सगळं सांगायचं म्हणजे तो सकाळचा चेहरा परत बघायचा, आणि उद्या परत, आणि गुरुवारी त्या डॉक्टरपुढं…

"बसा," मी म्हणाले. "सांगते."