करंगळीजवळचं बोट

कामठी

शामलाताई,

तुले नमस्कार. जखम भरली आहे, दोन्ही वेळा जेवण करून राहिलो. पोरींची शाळा कशी आहे?

यंत्रमागात सापडलेलं उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मात्र डॉक्टरले वाचवता आलं नाही. बास गिटारवर फंक, म्हणजे ते ठेक्याचं नाचरं संगीत, वाजवाले तेच बोट अन् मधलं आळीपाळीनं तारेवर चालवा लागते. बँडनं माह्या जागी दुसरा घेतला.

नागपुरात सदरले गिटार शिकवणारे सर म्हणाले, "करंगळीजवळचं बोट तयार कर, विक्रम." ते दर वेळी मागं राहते वं, ठेका सुटते. काल पहिल्यांदा अख्खं गाणं जमलं, पण सोबत वाजवाले कोणीच नव्हतं.

आईले अजून काही ठाऊक नाही. पोळ्याले घरी येतो. ती माहा हात हातात घेईल, तवा तू जवळ रायजो.

तुहा भाऊ,
विक्रम