चढावर मान टाकणारी गाडी

३ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच! टेकडीच्या दुसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. सपाटीवर गुणी बाळासारखी पळते आणि चढ लागला की रडायला लागते. पहिला गिअर, पाय पार तळाला, इंजिन बोंबलतंय — आणि गाडी मुंगीच्या पावलांनी. मागून हॉर्नचा सपाटा. हे रिपोर्टांची फाइल मांडीवर घेऊन शेजारी बसलेले, अगदी शांतपणे म्हणाले, "वळव. इंजिन जाळशील." वळवली. डोळ्यांच्या दवाखान्याची तारीख हुकली — दुसऱ्यांदा.

दवाखाना टेकडीच्या माथ्यावर बांधायची बुद्धी कुणाला झाली देव जाणे. ज्यांना दिसत नाही त्यांनीच डोंगर चढायचा!

५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "त्यांचा एकच डोळा उरलाय. मोतीबिंदू पार पिकलाय. या महिन्यात ऑपरेशन झालं नाही, तर पुढे माझ्याही हातात फारसं राहणार नाही." ह्यांना म्हटलं, टॅक्सी करू. तर म्हणे, "परक्याच्या गाडीत मी बसणार नाही." एकतीस वर्षं स्वतः गाडी चालवलेला माणूस. बायको चालवते तिथे बसतात हेच माझ्यावर उपकार.

नवी तारीख १९.

६ फेब्रुवारी

ह्यांचं निदान — गाडी ठणठणीत आहे, मला क्लच नीट सोडता येत नाही. "नाचता येईना, अंगण वाकडं." बरं, मला गाडी शिकवली कोणी? मागच्याच वर्षी, ह्यांनीच. रागाच्या भरात भाजीत मीठ दोनदा पडलं. दोघांनीही मुकाट्याने खाल्ली.

८ फेब्रुवारी

गॅरेज. "काकू, पेट्रोलचा फिल्टर चोंदलाय," गॅरेजवाला म्हणाला. बदलला. हवेचा फिल्टर काळाकुट्ट, तोही बदलला. प्लग साफ केले. मग त्याला शेजारी बसवून मी टेकडी चढले — थेट माथ्यापर्यंत, एका दमात! घरी येऊन ऐटीत सांगितलं. ह्यांचा चेहरा जरा उतरला. क्लचचा सिद्धांत बुडाला म्हणून असेल.

९ फेब्रुवारी

ह्यांना घेऊन, फाइलसकट रंगीत तालीम. दुसऱ्या वळणावर ठप्प. "बघ, मी म्हणत नव्हतो?" — इतके खूश कधी लग्नाच्या वाढदिवसालाही झाले नव्हते.

११ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याने बराच वेळ डोकं खाजवलं. मग विचारलं, "काकांचं वजन किती?" चौऱ्याहत्तर किलो. त्याने तेवढीच वाळू दोन पोत्यांत भरून ह्यांच्या सीटवर ठेवली, वर पट्टा लावला. गाडी भराभर चढली. पोत्यांनी एकदाही "गिअर बदल" म्हटलं नाही. इतका सुखाचा प्रवास मला आठवत नाही.

पण आता काय? वाळू चढते, नवरा चढत नाही. आणि १९ जवळ येतेय. रात्री झोप लागत नाही.

१३ फेब्रुवारी

ह्यांना घेऊन पुन्हा गेले. पुन्हा ठप्प. ह्या खेपेला करपल्याचा वासही आला. ह्यांना घरी सोडलं आणि तशीच गॅरेजला. मागची चाकं हात लावू नये इतकी तापलेली. त्याने चाक उघडून ब्रेकचे लायनर दाखवले — पार जळालेले.

"काकू, हँडब्रेक ओढून गाडी चालवता का?"

मी कशाला ओढू? ओढला असता तर समोरचा लाल दिवा तरी लागला असता ना! पण तो दिवा कैक वर्षं बंद आहे. ह्यांनीच कधी दुरुस्त करू दिला नाही. गॅरेजवाला फडक्याने हात पुसत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिथे आणखी कोणाचा हात पोचतो?"

ह्यांचा! चढ आला की हे रिपोर्टांची जाडजूड फाइल मांडीवरून काढून दोन सीटच्या मधे धरतात. तिच्याखाली हात. बटण दाबून, कटकट आवाज होऊ न देता, हळूच ओढायचं. गाडी वळवली की तसंच गुपचूप खाली. मी बापडी रस्त्याकडे बघणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा — दोन फिल्टर, चार प्लग आणि दोन पोती वाळू!

१४ फेब्रुवारी

विचारलं. हे फाइल वाचत बसले. उलटी धरून.

मग ती मिटून म्हणाले, "पहिल्या डोळ्याच्या वेळीही सांगितलं होतं, काळजीचं काही नाही. आता धूसर का होईना, दिसतंय. तेही गेलं तर?"

मला हसू आलं, रडू आलं आणि भयंकर रागही आला. "अहो, मग तोंडाने सांगायचं होतं. त्या मुक्या गाडीचे हाल कशाला?"

"तुला सांगितलं असतं तर तू समजूत घातली असतीस," हे म्हणाले. "आणि मला ती पटली असती."

म्हटलं, जबरदस्ती नाही. १९ला सकाळी गाडी दारात उभी करीन. बसायचं तर बसा.

१६ फेब्रुवारी

नवे लायनर बसवले. हात कोणाचा होता, ते गॅरेजवाल्याने विचारलं नाही. शहाणा माणूस आहे.

१८ फेब्रुवारी

आज आम्ही ऑपरेशन सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो.

१९ फेब्रुवारी

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. ह्यांना आत नेलंय.

सकाळी आपणहून येऊन बसले. फाइल मागच्या सीटवर टाकली. दुसऱ्या वळणावर गाडी मंदावली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वळून पाहिलं, तर ह्यांचे दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत घट्ट धरलेले. हँडब्रेक खाली.

ॲक्सिलरेटरवरून माझाच पाय उचलला गेला होता.

"घाबरलीस होय?" हे म्हणाले. "दाब."